जोडाच्या शेजारी

आमच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारे सर कधीही नव्या खुर्चीवर सरळ बसत नसत. आधी खुर्ची उचलायची, उलटी करायची, पाय जिथं बैठकीला जोडलेले असतात तिथं अंगठ्याचं नख फिरवायचं आणि मगच टेकायचं. समोर पालक बसलेले असले तरी हा विधी चुकत नसे. एकदा अर्धापूरहून एक केळीवाले गृहस्थ मुलाच्या ॲडमिशनसाठी आले होते. त्यांनी हे सगळं शांतपणे बघितलं, मग स्वतः उठले आणि आपलीही खुर्ची उलटी करून बघितली. काय बघायचं ते त्यांना माहीत नव्हतं, पण लातूरला शिक्षणाची काहीतरी वेगळीच पद्धत आहे एवढं ते ऐकून आले होते.

मी त्याच क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवत असे. घर नांदेडचं, नोकरी लातूरची, आणि उरलेलं आयुष्य या दोन गावांमधल्या एसटीत. भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. लातूरकरांना तेव्हा बोलायला दोनच विषय होते, भूकंप आणि टक्के. पहिल्या विषयावर लोक हळू आवाजात बोलत आणि दुसऱ्यावर ओरडून. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची त्यानं होस्टेल काढलं होतं, जिला स्वयंपाक येत होता तिनं मेस काढली होती, आणि ज्याला यातलं काहीच जमत नव्हतं त्यानं क्लास काढला होता.

सर मूळचे उदगीरचे. वडिलांचं तिथल्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान होतं, बिजागऱ्या, कड्या, पत्रे, खिळे. घरातले बाकी सगळे दुकानावर बसले आणि हे इंजिनिअर होऊन थेट समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात गेले. सगळी नोकरी तिथंच झाली. भूकंपानंतर उदगीरला एकटी राहणारी बहीण रात्र रात्र अंगणात बसून काढायला लागली, म्हणून हे मुदतीआधीच नोकरी सोडून परत आले. बहीण महिन्याभरात सावरली आणि "आता तू इथं बसून माझं डोकं खाऊ नको" म्हणाली. मग सर लातूरला आले आणि आमचं डोकं खायला लागले.

अणुभट्टीत ते नेमकं काय करत होते, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला वाटलं, बटणं दाबत असतील.

"तडे बघायचो मॅडम," ते म्हणाले. "बघायचो म्हंजे काय, कुठले बघायचे न्हाईत ते ठरवायचो."

ही काही नोकरी आहे का, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं. कारण त्यांनी लगेच मेसचं ताट बाजूला सारलं आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला. तांब्या म्हणजे भट्टी. भट्टीच्या पोटात पोलादी नळ्या आणि भांडी, आणि ती सगळी एकमेकांना वेल्डिंगनं जोडलेली. ज्या जागी जोड आहे त्याच्या शेजारच्या पट्टीला वेल्डिंगची धग लागलेली असते. तिथलं पोलाद वरून चकचकीत दिसतं, पण आतून बदललेलं असतं. त्यात ताण आला, वर कढत पाणी वर्षानुवर्षं खेळलं, की तिथं केसाएवढी चीर पडते.

"भट्टी बंद ऱ्हाणार थोडे दिवस, आणि जोड लई," सर म्हणाले. "आत माणूस जात न्हाई. वरून पाण्यात लांब दांडीला बांधून कॅमेरा सोडायचा. वर उभा ऱ्हाणाऱ्याला पण किरणं मोजून घ्यायची, ठरल्याच्या वर न्हाई. सगळे जोड बघतो म्हणणारा एक तर खोटारडा, न्हाईतर नवीन."

म्हणून यांची योजना. भट्टी बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ते बसून ठरवत, यंदा कुठले जोड बघायचे, पुढच्या खेपेला कुठले. जिथं धग जास्त लागली, जिथं ताण जास्त, जिथं दुसऱ्या देशातल्या तसल्याच भट्टीत चीर सापडली, ते आधी. उरलेल्यांचा एक तिसरा गट होता. त्याला ऑफिसात मोठं इंग्रजी नाव होतं, पण सर आणि त्यांचे लोक आपसांत त्याला 'अल्ला मालिक' म्हणत. तिथं कॅमेरा वळतच नसे. मेसवाल्या काकू हे सगळं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे सर, आमच्या गॅसच्या नळीसारखंच की," आणि सरांनी त्यांना इतक्या आदरानं मान डोलावली की त्या दिवसापासून त्यांच्या ताटात चपाती नेहमी गरम येऊ लागली. माझ्या नाही.

मुलांनी त्यांचं नाव 'तडेसर' ठेवलं. हे त्यांचं आडनाव आहे अशी निम्म्या पालकांची समजूत होती आणि सरांनी ती कधी दूर केली नाही.

शिकवण्याची तऱ्हाही तीच. प्रत्येक तासाला ते फळ्यावर मुद्दाम एक चूक करत. भट्टीत यंत्र पाण्यात सोडण्याआधी त्याला मुद्दाम पाडलेली चीर दाखवतात, म्हणे. ती ज्याला दिसत नाही त्याला खरी काय दिसणार. तर सर तास संपताना विचारायचे, "आज चीर कुठं होती?" ज्याला सापडली तो पास, मग परीक्षेत त्याचं काहीही होवो. मुलांना याचं वेड लागलं. पण घरी वह्या तपासणाऱ्या बापांना वेड लागायची पाळी आली. एक वकील तर वही घेऊनच क्लासमध्ये आले आणि म्हणाले, "सर, इथं तुम्ही चूक शिकवलंय." सरांनी वही बघितली, वकिलांचा हात हातात घेतला आणि आनंदानं म्हणाले, "तुम्हाला दिसली? तुमच्या पोराला न्हाई दिसली." वकील भांडायला आले होते, ते कुठून सुरुवात करावी हेच विसरून गेले.

या माणसाला लोक घरच्या भिंती दाखवायला नेत. भूकंपानंतर लातुरात भिंतीवरच्या तड्यांबद्दल कुणालाही काहीही विचारा, तो सांगू शकत होता. हा तडा जुना, हा त्या पहाटेचा, हा पुढच्याची सूचना. त्यात हे तर अणुशास्त्रज्ञच. सर बिचारे जात, भिंतीसमोर उभे राहत आणि सांगत, "मला दगडमातीतलं कळत न्हाई." यावर कुणीही विश्वास ठेवत नसे. लोकांना वाटे, बातमी इतकी वाईट आहे की सर सांगायचं टाळत आहेत. एका घरानं यांच्या गप्प राहण्यामुळं सामान उचलून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम हलवला.

त्या काळात पत्रा आणि लोखंडी अँगल यांच्यावर सगळ्यांची भक्ती होती. दगडानं माणसं मारली आणि पत्र्यानं वाचवली, एवढंच आम्ही भूकंपातून शिकलो होतो. स्लॅबखाली झोपायला घाबरणारी माणसं कुठल्याही गल्लीतल्या वेल्डरनं उभ्या केलेल्या शेडमध्ये डोळे मिटून झोपत. भिंतीवरचा केसाएवढा तडा सगळ्यांना दिसे. लोखंडाकडं मात्र कुणी मान वर करूनही बघत नव्हतं.

सरांचा तपास नेहमीच बरोबर निघायचा असं मुळीच नाही. मला एक स्थळ आलं होतं, कंधारकडचं, घरची शेती, मुलगा दिसायला चांगला. माझ्या वडिलांनी सरांचं कौतुक ऐकलेलं, म्हणून वडीलधारे म्हणून त्यांनाच बरोबर घेतलं. तिथं सगळे मुलाला प्रश्न विचारत होते. सर मात्र मुलाकडं ढुंकूनही बघेनात. मुलाचे काका कोपऱ्यात बसले होते, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "भावाभावांची वाटणी झाली का, का व्हायची हाय?" बैठक तिथंच गोठली आणि स्थळ मोडलं. परत येताना ते मला समजावत होते, "मुलगा चांगलाच असतो मॅडम. जोडाच्या शेजारी बघायचं असतं." तो मुलगा आज दोन मुलींचा बाप आहे, काका त्याच्याच घरी राहतात आणि सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. सरांचा तो तपास साफ चुकला आणि हे मी त्यांना पुढं अनेकदा ऐकवलं. ते म्हणत, "चुकू द्या. मी फक्त कुठं बघायचं ते सांगतो."

मग आमचा नवा हॉल झाला. संचालक पूर्वी गणिताचे मास्तर होते, आता सफारी घालत. त्यांनी पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं, 'संपूर्ण भूकंपरोधक हॉल'. लोखंडी खांब, पत्र्याचं छत आणि मागच्या बाजूला मुलींसाठी लोखंडी गॅलरी. मुली वर, मुलं खाली, हा आमच्याकडचा रिवाजच होता. मुलगी क्लासला पाठवायची तर ती मुलांच्या बाकाशेजारी बसणार नाही याची बापाला आधी खात्री लागे, आणि गॅलरी ही ती खात्री होती. पन्नास-साठ मुली तिथं बसत. संचालकांची मुलगी दीपाही त्यांतच, कठड्याजवळ.

सरांनी हॉल बघितला आणि ते योजना करायला बसले. आठवडाभर नुसतीच योजना. आम्ही सगळे चेष्टा करत होतो. मी म्हटलं, "सर, सरळ शिडी लावून सगळे जोड बघून का नाही टाकत?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, मी एखाद्या ऑपरेशनला विळी सुचवली. शेवटी रविवारी ते वेल्डरची शिडी घेऊन आले. निवडलेल्या जोडांवरचा रंग खरवडला, त्यावर लाल रंग फवारला, थांबले, पुसला आणि वरून पांढरी पूड मारली. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. पहिल्या जोडांवर काहीच आलं नाही. संचालक खालून हसत होते. मग सरांनी शिडी गॅलरीच्या कोपऱ्यातल्या खांबाला लावली, आणि थोड्या वेळानं वरून हाक मारली, "मॅडम, वर या. तुम्हाला डोळे हायत."

मी साडी सावरत चढले. खांब आणि तुळई जिथं जुळत होती, त्या जोडाच्या शेजारी पांढऱ्या पुडीवर एक बारीक लाल रेघ हळूहळू उमटत होती. बोटभर लांब असेल.

तोच खांब का निवडला होता, ते मग कळलं. त्याच खांबाला बाहेरच्या बाजूनं, हॉल पूर्ण झाल्यावर, संचालकांनी आपल्या गुणवंतांचा बोर्ड वेल्डिंग करून बसवला होता. मोठमोठे चेहरे, खाली टक्के. जून महिना होता, पावसाचा पत्ता नव्हता, नुसता वारा. तो बोर्ड दिवसरात्र पुढं-मागं ढकलला जात होता आणि त्याच्याबरोबर खांबही. आमच्या गुणवंतांनी गॅलरी चिरली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बैठक झाली. मध्यस्थ म्हणून मला बोलावलं होतं.

"बोर्ड काढा," सर म्हणाले. "जोडावर पट्टी मारून घ्या. मग दर वर्षाला मी बघत जातो."

"आत्ता ॲडमिशनचा टाईम हाय सर. बोर्ड बघून तर लोक यायलेत. ऑगस्टमध्ये काढू." संचालक पुढं झुकले. "तुम्ही एक सांगा, पडंल का न्हाई पडंल?"

"ते सांगता येत न्हाई. हिशेबानं आज पडत न्हाई."

"मग झालं की. तुम्हीच म्हणलाव, आज पडत न्हाई."

"तेवढंच म्हणलो. धोका न्हाई असं म्हणलो न्हाई."

हा संवाद चहाचे दोन कप होईपर्यंत असाच गोल फिरला. मग संचालकांनी हुकमाचं पान टाकलं. सरांनीच कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवलं होतं. "तुम्ही तिकडं भट्टीत चीर सापडली असताना सही करून भट्टी चालू ठिवली होती ना? आन् इथं माझा बोर्ड काढायलाव?"

"ठिवली होती," सर म्हणाले. "मोजली, किती वाढंल त्याचा हिशेब केला, आणि तिच्यावरचा ताण कमी करून घेतला. इथं तुम्ही वाऱ्याला रोज बोलवायलाव, ये बाबा, हलव म्हणून."

"ऑगस्ट," संचालक म्हणाले.

"मग तोवर वर कुणाला बसवू नका."

"मुली बसवू कुठं? पोरांच्या मांडीवर?"

सर उठले. दाराशी गेल्यावर ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुमची दीपा पण वरच बसती." मला वाटलं, जिंकलो आपण. उद्या बोर्ड खाली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड जागच्या जागी होता. खाली आली होती ती दीपा. फळ्यासमोर, मुलांच्या पहिल्या बाकाच्याही पुढं, एका वेगळ्या खुर्चीवर ती अंग चोरून बसली होती. मागची दोनशे मुलं श्वास रोखून तिच्या वेणीकडं बघत होती. पुढचा तास माझा म्हणून मी दारातच उभी होते. सरांनी खडू उचलला आणि ती दिसताच खाली ठेवला.

"तू इथं कशी?"

"पप्पा म्हणले, आजपासून खाली बस."

"कामून?"

"मला नाही सांगितलं." ती घुटमळली. "रात्री मम्मीला सांगत होते, वरचा खांब चिरलाय म्हणून."

गॅलरीतल्या मुलींनी आधी एकमेकींकडं आणि मग आपल्या पायाखाली बघितलं. दीपानंही मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. आपण काय बोलून गेलो, आणि आपण खाली का बसलो आहोत, हे तिला त्या एका क्षणात कळलं असावं. तिचा चेहरा लालबुंद झाला. तिनं दप्तर उचललं, बाजूच्या जिन्यानं ताडताड वर गेली आणि कठड्याजवळ, बरोबर त्या खांबाशी, आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

"सर, तुम्ही शिकवा," ती वरून म्हणाली. आवाज रडवेला होता. "माझ्या मैत्रिणी बसल्यात तर मी पण बसते. पडंल का सर?"

या प्रश्नाचं सरांचं उत्तर मला कालच्या बैठकीपासून पाठ होतं. सांगता येत न्हाई. हिशेबानं आज पडत न्हाई. मी तेच ऐकायची वाट बघत होते. पण सर म्हणाले, "खाली ये गं माय."

ती हलेना. सर फळ्यापासून निघाले आणि बाकांमधून वाट काढत मागं आले. "सगळ्याजणी या. पळू नका. एकेक या, हळू या." आणि गॅलरीच्या खाली येऊन त्यांनी तो कोपऱ्यातला लोखंडी खांब दोन्ही हातांनी धरला. नुसता धरला नाही. पाय रोवले, खांदा लावला, डोळे मिटले. वर साठ मुली, लोखंडी तुळया, बाहेर वाऱ्यात फडफडणारे गुणवंत, आणि खाली हा ताणाचा आणि वजनाचा हिशेब आयुष्यभर केलेला माणूस खांद्यानं खांब पेलून उभा. एरवी मुलं हसून लोळली असती. त्या दिवशी चार-पाच दांडगी पोरं उठली आणि काही न बोलता तिथं जाऊन त्यांनीही खांबाला हात लावले.

मुली एकेक करून उतरल्या. दीपा सगळ्यांत शेवटी उतरली. ती जमिनीवर पाय टेकेपर्यंत सरांनी डोळे उघडले नाहीत.

संचालक धावत आले तेव्हा मुली मुलांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या होत्या आणि रिवाज पार मोडून गेला होता. दीपानं बापाकडं बघितलंही नाही. दुपारी गॅसकटर आला आणि संध्याकाळपर्यंत गुणवंत जमिनीवर उताणे पडले. पुढच्या आठवड्यात जोडावर पट्टी बसली. सर दर वर्षी शिडी लावून तो जोड बघत राहिले. चीर जिथं होती तिथंच राहिली, तिळभरही वाढली नाही.

मुली खाली उतरल्या त्याच संध्याकाळी आम्ही क्लाससमोरच्या टपरीवर चहा प्यायला बसलो होतो. मी विचारलं, "सर, खरं सांगा. पडली असती का?"

"न्हाई. आजही म्हणतो, न्हाई."

"आणि पडलीच असती, तर तुमच्या धरण्यानं थांबली असती?"

"कशी थांबंल?" त्यांनी मला मूर्खात काढल्यासारखं बघितलं.

"मग धरलात कशाला?"

रस्त्याच्या पलीकडं मुली घोळक्यानं होस्टेलकडं चालल्या होत्या, दीपा त्यांच्यात होती.

"भट्टीत हात पोचत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "इथं पोचत होता."